पट्टी : पोटरीभोवती गुंडाळलेला इतिहास

१/
सप्टेंबर २०२४. एव्हरेस्टच्या उत्तरेकडील मध्य रोंगबुक हिमनदीवर, वितळत्या बर्फातून एक जुना चामडी बूट वर आला. बुटात मानवी पाऊल होते, पावलावर लोकरीचा मोजा होता आणि मोज्यावर शिवलेल्या छोट्या लेबलवर नाव होते : ए. सी. आयर्विन. जून १९२४ मध्ये जॉर्ज मॅलरी यांच्यासोबत शिखराकडे निघालेला आणि कधीच न परतलेला २२ वर्षांचा अँड्र्यू आयर्विन. शंभर वर्षांनी त्याचा माग लागला तो पायातल्या मोज्यावरून. डोंगर चढणाऱ्या माणसाच्या गुडघ्याखाली काय होते, याचा हा इतिहास आहे. त्याच्या मध्यभागी एक शब्द आहे, जो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही : पट्टी.

२/
त्याच मोहिमेत, मॅलरी आणि आयर्विन नाहीसे होण्याच्या चार दिवस आधी, ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्याविना २८,१२६ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोहोचले. प्राणवायूविना इतक्या उंचीवर जाण्याचा हा विक्रम १९७८ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. त्या दिवशी अंगावर काय होते, हे नॉर्टन यांनी पुढे तपशीलवार लिहून ठेवले. लोकरीचे थर, वारा अडवणारे गॅबर्डीनचे कपडे, खिळे ठोकलेले फेल्ट-चामड्याचे बूट, आणि पोटऱ्यांवर मऊ, ताणल्या जाणाऱ्या काश्मिरी पट्ट्या. जगातल्या सर्वोच्च पर्वतावर माणूस तेव्हा हिमालयातल्याच एका साध्या विणलेल्या कापडावर विसंबून चढत होता.

३/
पट्टी म्हणजे सुमारे नऊ फूट लांब आणि चार इंच रुंद असा लोकरी कापडाचा पट्टा. तो घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, पोटरीभोवती गुंडाळायचा आणि शेवटी फितीने बांधायचा. पायदळातला शिपाई खालून वर गुंडाळत जाई आणि फीत गुडघ्याखाली बांधी. घोडेस्वार वरून खाली येई आणि फीत घोट्याशी बांधी, कारण वरची गाठ खोगिराला घासे. इंग्रजीत हा शब्द ‘पटी’ असा उच्चारला गेला आणि तसाच कोशात बसला. मूळ मात्र संस्कृत ‘पट्ट’ आणि त्यापासून आलेली आपल्या भाषांमधली ‘पट्टी’. अरुंद मागावर विणलेल्या लोकरी कापडाला हिमाचल-गढवालच्या पहाडांत आजही पट्टी म्हणतात.

४/
पण पोटरीला संरक्षण लागतेच कशाला? डोंगरात चालताना शरीराचा जमिनीशी सर्वाधिक संबंध येतो तो गुडघ्याखालच्या दीड फुटाचा. घसाऱ्यावरचे खडे बुटात शिरतात आणि तासाभरात टाचेवर फोड येतो. बर्फ बुटाच्या तोंडातून आत जातो, वितळतो आणि मोजा भिजवतो. काटेरी झुडपे नडगी ओरबाडतात. गवतातून किडे, जळवा, गोचिड्या चढतात. यातले एकही संकट पहिल्या क्षणी मोठे वाटत नाही. पण परतीची वाट वीस किलोमीटर असेल, तर टाचेवरचा फोड हा चेष्टेचा विषय राहत नाही. डोंगरातले अपघात पुष्कळदा अशा क्षुल्लक गोष्टींतून वाढत जातात. माणसाला हे फार पूर्वीच कळले होते.

५/
किती पूर्वी? १९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर बर्फात एक मृतदेह दिसला. सुरुवातीला तो अलीकडच्या एखाद्या गिर्यारोहकाचा असावा असे वाटले. प्रत्यक्षात तो माणूस ५,००० वर्षांहून अधिक काळ तिथे पडून होता. जग त्याला ‘ओत्झी’ म्हणून ओळखते. त्याच्या पायांत मांड्यांपासून घोट्यांपर्यंत येणारी, बकऱ्याच्या कातड्याची दोन स्वतंत्र आवरणे होती. त्यांच्या खालच्या टोकाला हरणाच्या कातड्याची एक जीभ शिवलेली होती. ती बुटाशी अडकवली की आवरण वर सरकत नसे. आजच्या गेटरला खाली जो पट्टा किंवा आकडा असतो, त्याचे काम तेव्हा ही जीभ करी.

६/
ओत्झीचे बूट तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरले. तळ अस्वलाच्या कातड्याचा, आत लिंडेन झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीत ठासून भरलेले वाळके गवत. गवत ऊब धरते आणि ओले झाले की काढून दुसरे भरता येते. त्याच्याजवळ भूर्जसालीचा एक डबा होता. त्यात मेपलच्या हिरव्या पानांत गुंडाळलेले निखारे नेले जात. चामड्याच्या पट्टीत ओवलेले भूर्जावरच्या अळंबीचे दोन तुकडे होते, ते बहुधा औषधासाठी. विस्तव पेटवण्याचे साहित्य होते, गारगोटीची सुरी होती, तांब्याची कुऱ्हाड होती, पाठीवरच्या ओझ्याची लाकडी चौकट होती. कपडे ठिकठिकाणी पुन्हा शिवून दुरुस्त केलेले होते.

७/
हा शेवटचा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. ओत्झीचा जीव थंडीने घेतला नाही. त्याच्या डाव्या खांद्यात मागून घुसलेले बाणाचे टोक सापडले. डोंगराने त्याला मारले नाही, माणसाने मारले. डोंगरासाठी तो पूर्ण सज्ज होता. त्या सज्जतेची खूण केवळ त्याच्या वस्तूंच्या यादीत नाही. झिजलेले पुन्हा शिवलेले आहे, भिजेल ते बदलता येईल अशी सोय आहे, विस्तव विझला तर पुन्हा पेटवण्याचे साधन आहे. साधन जवळ असणे ही एक गोष्ट आणि ते कामाच्या स्थितीत ठेवणे ही दुसरी. या दोन गोष्टींमधले अंतर किती महाग पडू शकते, हे पुढच्या पाच हजार वर्षांत माणूस पुन्हापुन्हा शिकत राहिला.

८/
पोटरी गुंडाळण्याची कल्पना कोणा एका देशाची नाही. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड याने नवव्या शतकात लिहिताना सम्राटाच्या पायांवरील पट्ट्यांचा उल्लेख केला आहे. जपानमध्ये प्रवासी आणि योद्धे ‘क्याहान’ नावाची आवरणे पोटऱ्यांवर बांधत. अठराव्या शतकात युरोपातील पायदळ गुडघ्यापर्यंतचे, बाजूला बटणांची लांब रांग असलेले कापडी गेटर घाली. त्यांचे जुने इंग्रजी नावच चिखलाच्या शिंतोड्यांवरून पडले होते. दिसायला ते रुबाबदार, पण बटणे तुटत, कापड घट्ट बसे आणि प्रत्येक पायाच्या मापाचे वेगळे गेटर लागे. हिमालयातल्या पट्टीला मापच नव्हते. बारीक असो वा जाड, कोणत्याही पोटरीला तोच पट्टा बसे.

९/
एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांचे हिंदी सैन्य वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरांत वारंवार लढू लागले आणि युरोपातला पोशाख तिथे निरुपयोगी ठरत गेला. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन यांनी उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले आणि ‘खाकी’ हा शब्द जगभर गेला. पट्टीचा प्रवास त्याच वाटेने झाला. पहाडी माणसे खडकाळ उतारांवर सहज चालतात, त्यांच्या घोट्यांना आधार असतो आणि बुटात खडे जात नाहीत, हे अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या (१८७८–८०) सुमारास पट्ट्या हिंदी सैन्यात रूढ झाल्या. पुढे बोअर युद्धात (१८९९–१९०२) त्या दक्षिण आफ्रिकेत पोहोचल्या.

१०/
१९०२ मध्ये ब्रिटिश सैन्याने खाकी ‘सर्व्हिस ड्रेस’ स्वीकारला आणि पट्टी सगळ्या पायदळाच्या गणवेशाचा भाग झाली. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन गावची फॉक्स ब्रदर्स ही लोकर-गिरणी पोटरीच्या वळणाला जुळणाऱ्या, किंचित वक्र विणीच्या पट्ट्या बनवू लागली. महायुद्धात तिला मिळालेली मागणी शेकडो मैल लांबीच्या कापडात मोजली जाई. फ्रेंच, इटालियन, जपानी आणि पुढे अमेरिकी सैनिकही पोटऱ्या गुंडाळू लागले. पहाडी मेंढपाळांच्या घरच्या मागावरून निघालेली वस्तू जगातल्या बहुतेक मोठ्या सैन्यांच्या पायांवर चढली. इथवरची गोष्ट यशाची आहे.

११/
मग १९१४ चा हिवाळा आला. फ्लँडर्सच्या सखल प्रदेशात जमीन थोडी खणली की पाणी लागते. खंदकांत घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत चिखल साचला. सैनिक त्यात तासन् तास, कधी दिवसेंदिवस, जवळजवळ न हलता उभे राहिले. काही आठवड्यांत रुग्णालयांत विचित्र पाय दिसू लागले. आधी बधिर आणि फिकट, मग सुजलेले, निळसर, असह्य दुखणारे, आणि उपचार न झाल्यास सडू लागणारे. हा हिमदंश नव्हता, कारण तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडत होते. या विकाराला ‘ट्रेंच फूट’ हे नाव मिळाले. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील २० हजारांच्या आसपास माणसे या विकाराने लढाईबाहेर गेली.

१२/
या खंदकांत हिंदी सैनिकही होते. २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय बंदरात उतरलेल्या लाहोर डिव्हिजनमागोमाग मेरठ डिव्हिजन आली. अनेकांच्या अंगावर उष्ण हवामानाचे पातळ कपडे होते. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर रोजी न्यूव्ह शापेल येथे ४७ व्या शीख पलटणीसह हल्ला चढवला आणि मोठी हानी सोसली. खडकीच्या या दलात मराठा सैनिकही भरती होत. नोव्हेंबरमध्ये फेस्तुबेर येथे ३९ व्या गढवाल रायफल्सचे नाईक दरवानसिंग नेगी यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. गढवालसारख्या पहाडांतून निघालेली पट्टी आता गढवाली शिपायाच्याच पायावर, पण एका अनोळखी चिखलात होती.

१३/
इथे पट्टीचा स्वभाव उलटला. पहाडात चालणाऱ्या माणसाची पोटरी सतत आकुंचन-प्रसरण पावते आणि पायातले रक्त वर ढकलत राहते. वाट कोरडी असते. पट्टी ओली झाली तरी चालता चालता वाळते आणि मुक्कामावर सोडली जाते. खंदकात यातले काहीच नव्हते. माणूस निश्चल उभा, पट्टी ओली, आणि ओली लोकर आवळत जाणारी. त्यावर घट्ट बूट. पायाकडे जाणारे रक्त मंदावले, थंड पाण्याने उरलेली ऊब खेचून घेतली आणि पेशी मरू लागल्या. ट्रेंच फूटचे कारण एकटी पट्टी नव्हती. ओल, थंडी, निश्चलता आणि आवळलेले पाय या चौघांनी मिळून ते घडवले. पण त्या चौघांतली एक पट्टी होती, आणि ती संरक्षणासाठी बांधलेली होती.

१४/
आधी काही अधिकाऱ्यांना हा शिस्तीचा प्रश्न वाटला, डॉक्टरांना आजाराचा. उत्तर दोन्हीकडून आले. पट्ट्या आणि बुटांच्या नाड्या आवळून बांधू नयेत, असे सांगण्यात आले. पाय दररोज धुऊन, पुसून, व्हेलच्या चरबीचे तेल चोळून कोरडे मोजे घालावेत, असा नियम झाला. कोरड्या मोज्यांचे जादा जोड प्रत्येकाजवळ असावेत, खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्या घालाव्यात, तुकड्या लवकर बदलाव्यात, अशा सूचना निघाल्या. सर्वांत परिणामकारक उपाय मात्र फुकटचा होता. सैनिकांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे, अशी पद्धत पडली. आपल्या तुकडीतल्या पायांसाठी अधिकारी जबाबदार धरला जाऊ लागला.

१५/
जोडीदाराची ही युक्ती का चालली, याचे कारण विकाराच्या स्वरूपातच आहे. पाय बधिर झाला की वेदना थांबते, आणि वेदना थांबली की माणसाला वाटते सगळे ठीक आहे. ज्या क्षणी धोका वाढतो त्याच क्षणी शरीराची तक्रार बंद पडते. थकलेला, भिजलेला, झोपेला आलेला माणूस अशा वेळी बूट काढण्याचा आळस करतो. त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधील ब्रिटिश रुग्णालयांत ट्रेंच फूट आणि हिमदंशाचे मिळून सुमारे ७५ हजार रुग्ण दाखल झाले. तरीही पुढच्या हिवाळ्यांत, सैन्य कितीतरी मोठे झालेले असताना, पहिल्या हिवाळ्याइतकी दैना पुन्हा झाली नाही. पट्टी तीच होती. ती बांधण्याची आणि सोडण्याची रीत बदलली होती.

१६/
या युद्धातून वाचलेल्या पिढीनेच पुढे एव्हरेस्टच्या मोहिमा काढल्या. मॅलरी तोफखान्यात होते, नॉर्टनही तोफखान्याचे अधिकारी होते, हॉवर्ड सॉमरवेल यांनी सोमच्या लढाईत शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. १९२२ आणि १९२४ च्या मोहिमांचे प्रमुख जनरल चार्ल्स ब्रूस यांनी आयुष्य गुरखा पलटणींसोबत सरहद्दीवर काढलेले. पोटरीवर पट्टी ही या सर्वांची जुनी सवय होती. २००६ मध्ये मॅलरींच्या कपड्यांची हुबेहूब प्रतिकृती तयार करून एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहण्यात आली. रेशीम, सुती आणि लोकरीचे ते पातळ थर समजले जात होते त्यापेक्षा बरेच उबदार आणि हलके निघाले. हालचाल चालू असेपर्यंत ते पुरेसे होते. थांबल्यावर काय, हा प्रश्न वेगळा.

१७/
साधन असूनही न वापरल्यास काय होते, हे खुद्द नॉर्टन यांनी अनुभवले. ४ जूनच्या त्या विक्रमी चढाईत त्यांनी काळा चष्मा बराच वेळ काढून ठेवला होता. आजूबाजूला बर्फापेक्षा खडक अधिक असल्याने त्याची गरज नाही, असे त्यांना वाटले. दुपारपर्यंत त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. रात्री ते हिमांध झाले. मॅलरी आणि आयर्विन ६ जूनला शेवटच्या चढाईसाठी नॉर्थ कोलवरून निघाले, तेव्हा मोहिमेचा नेता त्यांना निरोप देत होता, पण त्यांना पाहू शकत नव्हता. चष्मा त्यांच्याजवळ होता. तो नाकावर नव्हता, इतकाच फरक.

१८/
आणि ज्यांच्या वाट्याला साधन अपुरे आले, त्यांचे काय? १९२४ च्या मे महिन्यात रोंगबुकवर भयंकर वादळे झाली. खालच्या तळांवर भारवाहकांना गरम कपडे आणि अन्न अपुरे पडले. वरच्या तळांसाठी राखून ठेवलेले साहित्य फोडून वाटावे लागले. त्या संकटात दोघे दगावले. गुरखा शिपाई शमशेरपुन मेंदूतील रक्तस्रावाने गेला. दुसऱ्याचे नाव मानबहादूर. तो मोहिमेचा चर्मकार होता. सर्वांचे बूट शिवणे, खिळे ठोकणे, दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्याची दोन्ही पावले घोट्यांपर्यंत हिमदंशाने गेली आणि त्यातून तो उठला नाही. एव्हरेस्टच्या इतिहासात मॅलरींच्या बुटाविषयी पुष्कळ लिहिले गेले. तसले बूट नीट राखणाऱ्या माणसाचे पाय मात्र एखाद्या ओळीत संपतात.

१९/
मॅलरींचा देह १ मे १९९९ रोजी सुमारे ८,१५५ मीटरवर सापडला. उजव्या पायात खिळ्यांचा बूट तसाच होता आणि त्या बुटाच्या वरच्या कडेजवळ पाय मोडलेला होता. कमरेभोवती दोर आवळल्याच्या खुणा होत्या. पडझडीत झालेली ती जखम कोणत्याही पट्टीने टळली नसती. पायाच्या आवरणाकडून काय अपेक्षा ठेवावी, याची ती मर्यादा आहे. ते खडे, बर्फ, काटे आणि दंश यांपासून वाचवते. चुकीच्या वेळी घेतलेला निर्णय, उशिरा केलेली परतीची सुरुवात आणि निसटलेले पाऊल यांवर त्याचा इलाज नाही.

२०/
दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सैन्याने लांब पट्टी सोडून जाड विणीच्या कापडाचे, बकलाने बसणारे आखूड घोटापट्टे स्वीकारले. दररोज नऊ फूट कापड गुंडाळण्याचा वेळ वाचला. पण आखूड पट्टी युद्धानंतर पुन्हा परतली, आणि तिच्यासोबत जुना धडाही. मे-जून १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर उतरलेले ब्रिटिश सैनिक घोट्यापर्यंतचे आखूड बूट आणि त्यावर पट्ट्या घालून दलदलीतून मैलोगणती चालले. बुटांत पाणी शिरले, पाय दिवसेंदिवस ओले राहिले आणि १९१४ चा तो विकार ६८ वर्षांनी पुन्हा तळांवरच्या डॉक्टरांसमोर आला. त्यानंतरच ब्रिटिश सैन्याने उंच पायाचे नवे बूट स्वीकारले. ज्ञान पुस्तकांत होते. पायात मात्र जुनेच बूट होते.

२१/
आज डोंगरवाटांवर पट्टीची जागा नायलॉनच्या गेटरने घेतली आहे. बाजूला वेल्क्रो किंवा चेन, समोर नाडीत अडकणारा आकडा, बुटाखालून जाणारा पट्टा. पट्टीसारखा तो पोटरीला आवळत नाही, म्हणून रक्ताभिसरणाचा जुना धोका बराच कमी झाला. पण पट्टीचे काही गुण त्याच्याबरोबर गेले. पट्टी सोडून हात गळ्यात अडकवता येई, मुरगळलेला घोटा बांधता येई, काठीला काठी जोडून आधार करता येई. नायलॉनचा गेटर एकच काम करतो. म्हणून आजच्या पिशवीत त्याच्यासोबत एक रुंद क्रेप बँडेज स्वतंत्रपणे असावे लागते. पट्टी अशा रीतीने पायावरून पिशवीत गेली आहे.

२२/
सह्याद्रीत हा इतिहास पावसाळ्यात जिवंत होतो. घोंगडी, इरले, जाड वहाणा आणि हातात काठी ही इथल्या डोंगरकरी माणसाची जुनी सज्जता. काठी वाट चाचपण्यासाठी आणि गवत हलवण्यासाठीही. कारण इथे फुरसे आहे. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, दगडांच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाणारा हा लहानसा विषारी साप नकळत पायाखाली येतो. दंश बहुतेकदा पावलावर किंवा घोट्याजवळ होतो. उंच बूट, जाड कापडाची विजार आणि गेटर हा धोका कमी करतात, संपवत नाहीत. जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे पुरतात. जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोसारख्या रोगासाठी मात्र मुक्कामी पाय धुणे आणि ओरखडे झाकणे हाच उपाय.

२३/
सर्पदंशाच्या बाबतीत पट्टीचा जुना धडा आणखी कठोरपणे लागू होतो. विष वर चढू नये म्हणून दंशाच्या वर घट्ट फडके आवळण्याची समजूत अजूनही गावोगावी आहे. वैद्यकीय सल्ला त्याच्या उलट आहे. आवळलेल्या बंधाने रक्तपुरवठा तुटतो आणि पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. फुरशाचे विष आधीच रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते आणि दंशाजागी सूज आणते. तिथे कापणे, चोखणे, बांधणे हे सर्व घातक. पाय स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, धीर द्यावा आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष आपल्या देशात बनते. ते उचलून नेण्याइतके संगतीचे हात आणि वाटेची माहिती, ही खरी पूर्वतयारी.

२४/
ओत्झीच्या दुरुस्त केलेल्या कातड्यापासून फॉकलंडच्या ओल्या बुटांपर्यंत पाहिले, तर एक गोष्ट सारखी दिसते. साधन कुठल्या जमिनीसाठी जन्मले आणि आपण ते कुठल्या जमिनीवर नेले, हे ज्यांनी तपासले ते बहुधा वाचले. चालत्या पायासाठी बनलेली पट्टी उभ्या पायाला मारक ठरली. ती दोष देऊन टाकून दिल्याने पाय वाचले नाहीत. ती सैल बांधल्याने, रोज सोडल्याने, मोजे बदलल्याने वाचले. ही कामे कंटाळवाणी आहेत. छायाचित्रात ती दिसत नाहीत. दमून तंबूत शिरलेल्या माणसाला ती नकोशी वाटतात, आणि नेमकी त्याच वेळी ती करावी लागतात.

२५/
म्हणून १९१५ च्या खंदकांतला तो साधा नियम आजही कुठल्याही दुर्गवाटेवर लागू पडतो. निघण्यापूर्वी बूट घरच्या आसपास चालून सैल केलेले असावेत. पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला असावा. गेटर पिशवीत न राहता पायावर असावा. परतीची वेळ निघतानाच ठरलेली असावी आणि मागे राहणाऱ्या माणसाला ती ठाऊक असावी. मुक्कामाला पोहोचल्यावर, चहा ठेवण्यापूर्वी, प्रत्येकाने बूट काढून शेजारच्याला पाय दाखवावेत. ज्याचा पाय दुखत नाही, त्याचा आधी पाहावा.

(समाप्त)